दातांचा रोजचा जमाखर्च

मराठीत दात किडतो, दाढ पोखरते, दाताला कीड लागते. या बोलण्यामागे, धान्याच्या कणगीत किडा शिरावा तसा एखादा जीव दातात शिरतो आणि त्याला आतून खात राहतो, ही फार जुनी समजूत दडलेली आहे, आणि ती एकट्या मराठी माणसाची नाही. प्राचीन बॅबिलोनमधील एका मंत्रात, देवाने देऊ केलेले पिकलेले अंजीर नाकारून दात आणि हिरडी यांच्यामध्ये राहायला जागा मागून घेणाऱ्या अळीची कथा आहे. सुश्रुतसंहितेत दंतरोगांमध्ये ‘कृमिदंतक’ हा एक रोग गणला आहे. आणि रिंगणीच्या बियांची धुरी देऊन दातातले किडे पाडण्याचा उपाय महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत कालपरवापर्यंत चालत आला. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने मात्र १७२८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात, सूक्ष्मदर्शकातून पाहूनही किडलेल्या दातांत असा किडा आढळला नाही, असे नोंदवून ठेवले. किडा गेला, शब्द राहिला, आणि शब्दाच्या आडोशाने एक गैरसमजही टिकून राहिला, तो असा की कीड बाहेरून येते, नशिबी असेल त्याला लागते, आणि एकदा लागली की दात काढून टाकण्यापलीकडे हाती काही उरत नाही.

तोंडात खरोखर कोण राहते, हे त्याआधीच एकाने पाहिले होते. हॉलंडमधील डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी अँटोनी व्हान लेव्हेनहूक रोज मिठाने दात घासत असे, तरीही दातांच्या फटींत भिजवलेल्या पिठासारखे पांढरे द्रव्य साचलेले त्याला दिसे. ते खरवडून, पावसाच्या पाण्यात कालवून, स्वतः घडवलेल्या भिंगाखाली त्याने पाहिले, तेव्हा त्यात असंख्य सूक्ष्म जीव वळवळताना दिसले, आणि १६८३ साली त्याने ही हकीकत लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्राने कळवली. या जीवांचा दात किडण्याशी संबंध जुळायला आणखी दोन शतके जावी लागली. बर्लिनमध्ये काम करणारे अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर यांनी १८९० साली जी उपपत्ती मांडली, ती तपशिलाचे फेरफार होऊन आजही उभी आहे: जिवाणू दात खात नाहीत, ते खातात माणसाने खाल्लेली साखर आणि पिष्ट, आणि त्यांच्या पचनातून जे आम्ल बाहेर पडते ते दातातले खनिज विरघळवते.

हे खनिज कोणते, आणि ते विरघळल्याने एवढे काय बिघडते, हे समजण्यासाठी दाताची रचना थोडी पाहावी लागते. दाताचा जो भाग हिरडीबाहेर दिसतो त्यावर दंतवल्क, म्हणजे एनॅमल, या पदार्थाचे कवच असते. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असलेला हा मानवी शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ आहे, आणि ते खनिज मुख्यतः कॅल्शियम व फॉस्फेट यांच्या स्फटिकांचे असते. त्याखाली दंतिन, म्हणजे डेंटिन, हा हाडासारखा आणि कवचापेक्षा मऊ थर असतो, ज्यातून हजारो सूक्ष्म नलिका आत जातात. आणि सर्वांत आत रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला मऊ गाभा असतो. हाड मोडले तर जुळते, कातडी कापली तर भरून येते, कारण त्या ठिकाणी जिवंत पेशी असतात. दंतवल्क घडवणाऱ्या पेशी मात्र दात हिरडीतून वर येईपर्यंतच आपले काम संपवून नाहीशा झालेल्या असतात, त्यामुळे कवचाला एकदा भोक पडले की ते शरीर स्वतःहून बुजवू शकत नाही. शिवाय कवचात मज्जातंतू नसल्याने ते झिजताना काहीच दुखत नाही. दाताला थंड पाणी झोंबू लागते तेव्हा झीज दंतिनाजवळ आलेली असते, आणि रात्री झोपू न देणारा ठणका सुरू होतो तेव्हा ती बहुधा गाभ्यापर्यंत पोहोचलेली असते. ‘दुखेल तेव्हा बघू’ हा सर्वसाधारण बाणा दातांच्या बाबतीत एवढा महाग पडतो, तो यामुळेच.

आम्लता मोजण्याच्या मापाला मराठी शास्त्रीय परिभाषेत सामू, म्हणजे पीएच, म्हणतात. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो आणि तो जितका खाली उतरेल तितकी आम्लता वाढते, तीही प्रत्येक अंकामागे दहापटीने. तोंडातला सामू एरवी ७ च्या आसपास असतो, पण तो सुमारे ५.५ च्या खाली गेला की दंतवल्कातील कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळून बाहेर पडू लागतात. रॉबर्ट स्टीफन या अमेरिकन संशोधकाने १९४० च्या दशकात दातांवरील थराचा सामू प्रत्यक्ष मोजून दाखवले की, साखरेच्या पाण्याने चूळ भरल्यावर अवघ्या काही मिनिटांत तो घसरतो, आणि पूर्वपदावर यायला साधारण अर्धा ते एक तास घेतो. त्याला पूर्वपदावर आणणारी गोष्ट म्हणजे लाळ. दिवसाला अर्धा ते दीड लिटर स्रवणारा हा द्रव माणसाला थुंकण्यापुरताच आठवतो, परंतु दातांचे खरे रक्षण तोच करतो, कारण त्यातील बायकार्बोनेट आम्ल मारते आणि त्यातच विरघळलेले कॅल्शियम व फॉस्फेट, आम्लता ओसरताच, कवचात पुन्हा जाऊन बसतात. म्हणजे दातांवर दिवसभर एक जमाखर्च चाललेला असतो: खाण्याच्या वेळी खनिजाचा खर्च, दोन खाण्यांच्या मधल्या काळात जमा. खर्च सतत जमेपेक्षा अधिक राहिला, तर महिनोन्‌महिन्यांच्या तुटीनंतर दातावर प्रथम खडूसारखा निस्तेज पांढरा डाग दिसतो. या अवस्थेत वरचा पृष्ठभाग अजून फुटलेला नसतो आणि तूट भरून काढता येते. तो फुटून खड्डा पडला की मग दंतवैद्याने बुजवण्यावाचून इलाज नसतो. कीड ‘लागते’ असे म्हणण्यापेक्षा दाताचे दिवाळे निघते म्हणणे वस्तुस्थितीच्या अधिक जवळ जाईल.

एकदा हा हिशेब ध्यानात आला की साखर किती खाल्ली याइतकाच, किंबहुना थोडा अधिकच, ती किती वेळा खाल्ली हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. याचा सर्वांत ठळक, आणि सर्वांत लाजिरवाणा, पुरावा स्वीडनमधून आला. लुंड शहराजवळच्या व्हिपेहोल्म या संस्थेत ठेवलेल्या मतिमंद रुग्णांवर १९४५ ते १९५३ या काळात आहाराचे प्रयोग करण्यात आले. काहींना साखर जेवणाबरोबर दिली गेली, तर काहींना दातांना चिकटून राहील अशी टॉफी दोन जेवणांच्या मधल्या वेळांत दिली गेली. जेवणासोबत साखर घेणाऱ्यांचे दात तुलनेने कमी किडले, आणि मधल्या वेळी चिकट टॉफी खाणाऱ्यांचे झपाट्याने किडले. ज्यांना संमती देण्याची क्षमताच नव्हती अशा माणसांचे दात जाणूनबुजून किडवून मिळवलेले हे ज्ञान आहे, आणि वैद्यकीय नीतिशास्त्रात त्याचा उल्लेख आजही वाईट उदाहरण म्हणूनच होतो. तरी निष्कर्ष खोटा ठरलेला नाही.

त्या निष्कर्षाच्या उजेडात मराठी घरातला दिवस पाहिला तर सणावारी पानात पडणारे श्रीखंड किंवा पुरणपोळी हा मोठा अपराधी नव्हे, कारण ती जेवणाबरोबर, लाळेचा भरपूर पाझर चालू असताना आणि वर्षातून काही दिवसच खाल्ली जाते. खरा प्रश्न चहाचा आहे. सकाळचा चहा-बिस्किट, कार्यालयात पोहोचल्यावरचा चहा, अकराचा, तीनचा, पाहुण्यांबरोबरचा, आणि त्यात दोन जेवणे धरली तर तोंड दिवसातून सात-आठ वेळा आम्ल होते. प्रत्येक वेळेचा अर्धाच तास धरला, तरी साडेतीन-चार तास दातांच्या खर्चाच्या बाजूला जातात, आणि तोच चहा कोणी काम करता करता तासभर घोटघोट पीत बसला तर हिशेब आणखी बिघडतो. साखरेऐवजी गूळ घातल्याने यात फरक पडत नाही, कारण जिवाणूंच्या दृष्टीने दोन्ही एकच आणि चिक्कीतला गूळ तर दातांच्या खळग्यांत अधिक वेळ चिकटून राहणारा. बिस्किटाचा किंवा वेफरचा शिजलेला, बारीक झालेला पिष्टाचा लगदाही तसाच अडकून बसतो, जरी खाणाऱ्याला तो गोड लागलेला नसला तरी. एकूण प्रमाणही अर्थातच दुर्लक्ष करण्याजोगे नाही: जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली, पदार्थांत वरून घातलेली व मध किंवा फळांच्या रसातली साखर रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली, आणि शक्य तर ५ टक्क्यांखाली, म्हणजे प्रौढ माणसाला साधारण २५ ग्रॅमपर्यंत, ठेवण्याची शिफारस केली. पण चहातली साखर अर्ध्यावर आणणे ज्याला जमत नाही, त्यालाही मधले दोन चहा बिनसाखरेचे करणे किंवा बिस्किटे जेवणाच्या वेळेला जोडणे जमू शकते, आणि दातांच्या हिशेबात ते लगेच जमेला लागते. जेवल्यावर उठून खळखळून चूळ भरण्याची महाराष्ट्रातली जुनी रीत या दृष्टीने फार चांगली आहे. उपाहारगृहांतल्या कागदी रुमालाने ती मागे पडत चालली आहे, ही खेदाची गोष्ट होय.

मात्र दुसऱ्या एका जुन्या रीतीने तेवढेच नुकसान केले आहे. मराठी घरात दात घासण्याला ‘तोंड धुणे’ म्हणतात, आणि ते शुचितेचे पहिले काम असते. तोंड धुतल्याशिवाय चहाचा कप हाती मिळत नाही. सुश्रुतानेही दंतधावन सकाळीच सांगितले आहे, बारा अंगुळे लांब आणि करंगळीएवढ्या जाडीची ताजी काडी घेऊन, कडू झाडांत कडुलिंबाला आणि तुरटांत खैराला श्रेष्ठ मानून. ही प्रथा हजारो वर्षे टिकली ती शुद्धतेच्या कल्पनेवर, आणि त्यामुळेच तिच्यात रात्रीला जागा नाही. झोपणाऱ्या माणसाला पारोशा तोंडाची अडचण नसते. शरीराचा न्याय नेमका उलटा आहे. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, म्हणजे आम्ल मारणारा आणि खनिज परत आणून देणारा कारभारीच सुटीवर जातो, आणि रात्रीच्या जेवणातले किंवा झोपताना प्यायलेल्या गोड दुधातले जे काही दातांवर उरले असेल त्यावर जिवाणूंना सहा-सात तास मोकळे रान मिळते. दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवलेल्या बाळांचे वरचे पुढचे दात आधी किडतात, त्याचे कारण हेच. दिवसातून दोनदा दात घासावेत असे दंतवैद्य सांगतात. त्यातली एखादी वेळ चुकणारच असेल तर ती रात्रीची नसावी.

रात्रीच्या घासण्याला आणखी एक अर्थ आहे, तो टूथपेस्टमधल्या फ्लोराइडमुळे. फ्लोराइडचा अंश दातांच्या पृष्ठभागाशी असला की विरघळलेले खनिज लवकर परत बसते, आणि जे नवे स्फटिक बसतात ते मूळच्यापेक्षा चिवट असतात: त्यांना विरघळवायला सामू ५.५ ऐवजी ४.५ च्या आसपास उतरावा लागतो. या गुणाचा शोध एका दोषातून लागला. अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज गावातल्या लोकांच्या दातांवर तपकिरी डाग का पडतात याचा छडा फ्रेडरिक मॅके हे दंतवैद्य १९०१ पासून लावत होते. तेच दात कमी किडतात हेही त्यांच्या लक्षात आले होते, आणि १९३१ साली दोन्हींचे कारण पिण्याच्या पाण्यातले फ्लोराइड असल्याचे सिद्ध झाले. महाराष्ट्राला या कथेची दुसरी बाजू चांगली परिचित आहे. यवतमाळ, चंद्रपूर यांसारख्या जिल्ह्यांतील काही गावांच्या विंधन विहिरींत खडकांतून आलेले फ्लोराइड प्रमाणाबाहेर असते, आणि तेथे लहानपणी, दात घडत असताना, ते पाणी पोटात गेलेल्यांच्या दातांवर कायमचे डाग दिसतात. अधिक प्रमाण वर्षानुवर्षे गेले तर हाडेही ताठरतात. भारतीय मानकांनुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घ्यावे. अशा गावांत लहान मुलांच्या पेस्टबद्दल स्थानिक दंतवैद्याचा सल्ला घेणे बरे. अन्यत्र मात्र पेस्टमधले फ्लोराइड गिळायचे नसून दातांवर लावायचे असल्याने ही भीती अनाठायी आहे. भारतातील नियमांनी टूथपेस्टमध्ये फ्लोराइडची मर्यादा दहा लाख भागांत १००० भाग, म्हणजे १००० पीपीएम, अशी ठरवली आहे आणि तो आकडा वेष्टनावर छापावा लागतो. लवंग, मीठ किंवा कोळसा यांच्या चित्रांपेक्षा तो बारीक टायपातला आकडा वाचणे अधिक उपयोगाचे, कारण वनस्पतींच्या नावाने विकल्या जाणाऱ्या अनेक पेस्टांत फ्लोराइड नसते. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. आणि घासून झाल्यावर फेस थुंकून टाकावा, पण चूळ भरू नये. जेवणानंतर जी चूळ हितकारक, तीच या वेळी दातांवर राहू द्यायचे फ्लोराइड धुऊन नेते. मराठी तोंडाला हा नियम विचित्र वाटतो, पण दोन-चार रात्रींत अंगवळणी पडतो.

दात जातात ते केवळ किडीने नव्हे. हिरडीच्या कडेला साचणारा जिवाणूंचा मऊ थर, म्हणजे प्लाक, वेळेवर निघाला नाही तर लाळेतली खनिजे त्यात बसून त्याचे कीटण होते, जे ब्रशने निघत नाही. त्याच्या आधाराने जिवाणू हिरडीखाली उतरतात, आणि मग दाताला धरून ठेवणारे हाडच हळूहळू खचते. डेन्मार्कमध्ये हाराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १२ निरोगी व्यक्तींनी दात घासणे पूर्ण बंद केले, तेव्हा १० ते २१ दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या, आणि घासणे पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात बऱ्या झाल्या. ब्रश लागताच रक्त येते म्हणून तेवढी जागा सोडून घासणारे अनेक जण असतात. या प्रयोगाचे सांगणे असे की रक्त येते तीच जागा न घासली गेलेली असते. तेथे मऊ केसांचा ब्रश हिरडीकडे सुमारे ४५ अंशांत तिरका धरून, जोर न लावता, जागच्या जागी बारीक हालवावा. अमेरिकन वैद्य चार्ल्स बास यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास रूढ केलेली ही पद्धत आजही शिकवली जाते. दोन मिनिटे हा वेळ ऐकायला थोडा वाटतो, घड्याळ लावून पाहिल्यावर मोठा. दातांच्या मधल्या फटींत ब्रश पोहोचत नाही, तेथे दंतधागा किंवा फटींसाठीचा छोटा ब्रश लागतो. दातकोरण्याने अडकलेला तंतू निघतो, थर निघत नाही. दंतवैद्याकडून कीटण काढून घेतल्याने दात ढिले होतात, हा समज सार्वत्रिक आहे आणि उलटा आहे: ढिला झालेला दात कीटणाच्याच टेकूने उभा असतो, टेकू काढल्यावर ढिलेपणा कळतो इतकेच. मधुमेह असणाऱ्यांनी तर हिरड्यांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण वाढलेली साखर हिरड्या बिघडवते आणि बिघडलेल्या हिरड्या साखर आटोक्यात येऊ देत नाहीत.

शेण्यांच्या राखेची राखुंडी, मीठ, विटकरीचा भुगा, कोळशाची पूड ही घासण्याची साधने दात चकचकीत करतात ती त्यांना खरवडून, आणि खरवडलेले कवच, वर सांगितल्याप्रमाणे, परत येत नाही. पण या साऱ्यांत वेगळी काढावी लागते ती मशेरी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून, कुटून केलेली ही पूड महाराष्ट्रात आणि गोव्यात, विशेषतः स्त्रियांमध्ये, दात घासण्याच्या नावाखाली पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. विडी-सिगारेटला घरात मज्जाव असलेल्या बाईला मशेरी लावून ओट्यावर बसायला कोणी हरकत घेत नसे, कारण ते व्यसन नव्हे, तोंड धुणे होते. तिने दात दुखायचा थांबतो, ही समजूत निकोटीनच्या तात्पुरत्या गुंगीतून आलेली आहे. तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग यांचा संबंध तपासण्यासाठी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासली आणि १९७२ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. केंद्र सरकारने १९९२ साली टूथपेस्ट आणि दंतमंजनांत तंबाखू वापरण्यावर बंदी घातली. घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीपर्यंत अर्थातच कोणतीही बंदी पोहोचत नाही.

जी चूक घराघरांत सर्वांत सहज होते, आणि जी टाळायला सर्वांत कमी कष्ट पडतात, ती मुलांच्या बाबतीतली आहे. दुधाचे २० दात पडणारच आहेत, म्हणून त्यांची कीड मनावर घेतली जात नाही. वास्तविक ते मागून येणाऱ्या दातांची जागा राखून ठेवतात, आणि ते अकाली गेले तर कायमचे दात वेडेवाकडे येतात. त्याहून मोठी फसगत पहिल्या कायमच्या दाढेची होते. ही दाढ सुमारे सहाव्या वर्षी, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, एकही दात न पडता गुपचूप वर येते, त्यामुळे आई-वडील तिलाही दुधाची समजतात. तिच्या माथ्यावरच्या खाचा इतक्या अरुंद असतात की ब्रशचा केस त्यांत शिरत नाही, आणि आयुष्यभर चावण्याचे मोठे काम करायची ती दाढ आठव्या-नवव्या वर्षीच पोखरलेली सापडते. तिच्या खाचा राळेच्या पातळ लेपाने बुजवून घेण्याची सोय दंतवैद्याकडे असते, आणि त्यात ना सुई लागते ना कोरणे. शिवाय वर येत असताना कित्येक महिने ही दाढ शेजारच्या दातांच्या पातळीपेक्षा खाली असते, म्हणून मागून पुढे सरळ फिरणारा ब्रश तिच्यावरून तरंगत निघून जातो. अशा वेळी मुलाचे तोंड थोडेसेच उघडून, ब्रश गालाच्या बाजूने आत घालून, रांगेला आडवा धरून तेवढी एक दाढ वेगळी घासावी लागते, आणि हे काम मूल स्वतः करू शकत नसल्याने रात्री कोणा मोठ्यालाच करावे लागते.